बिलकीसला विकलेलं स्वयंपाकघर

माझी पोळी फुगलेली आहे, असा निकाल माझ्या मुलानं ती न बघताच दिला. पापडाइतकी पातळ पोळी, उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसावा अशी, आणि म्हणे फुगलेली! वीस वर्षं मी ती याच हातांनी करत आले आणि ज्याच्यासाठी करत आले त्यानंच ती बाद केली.

मी रिबका वाकरूळकर. लातुरात मला खानावळवाल्या रिबकाबाई म्हणतात, कारण क्लासच्या पोरांना मी दोन वेळचं जेवू घालते. आम्ही यहुदी, मूळ अलिबागकडचे बेने इस्राएल. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. माझा नवरा शलमोन लातूरच्या तेलगिरणीत फिटर म्हणून लागला तेव्हा सासऱ्यांनी कपाळावर हात मारला होता. एवढा शिकून पुन्हा तेलातच गेलास, म्हणाले. शेजारीपाजारी यहुद्याचं दुसरं घर नाही. आमचं एकच.

पेसाहचा सण आम्हाला सगळ्यात मोठा. आमचे लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले तेव्हा पीठ फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती, तशीच बेखमीर पोळी भाजून पळाले. म्हणून या सणात आंबलेलं, फुगलेलं काही घरात ठेवायचं नाही. पाव नाही, बिस्किट नाही, इडलीचं पीठ तर नाहीच. आणि सणाच्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी आमच्या घरी त्या उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो. तो शलमोन करायचा. वर्षात तेवढी एकच सकाळ तो चुलीपाशी बसायचा आणि मला पाटावर बसवून वाढायचा.

मग भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती. शलमोन किल्लारीकडच्या एका खेड्यात तेलाच्या यंत्राचं काम काढायला गेला होता, तिथंच मुक्कामाला राहिला. दगडमातीच्या भिंती होत्या. आणखी काय सांगायचं! अहरोन, आमचा अरू, तेव्हा पहिलीत होता.

त्यानंतरच्या पेसाहला मी हात टेकले होते. सण कुणासाठी करायचा? तेव्हा शेजारची बिलकीस पदरात गहू घेऊन आली. तिचा नवरा चांदपाशा भांड्यांना कल्हई लावायचा, दरवर्षी सणाआधी माझी भांडी लखलखीत करून द्यायचा. बिलकीस म्हणाली, “भाबी, तुमचं ते पळून जायाचं जेवण औंदा न्हाई का? लेकराला काय सांगताव मग, बाप गेला तर देव बी गेला म्हून?”

तिनं तिच्या जात्यावर गहू दळले. गिरणीतलं पीठ नको, तिथं कुणाचं काय दळलं असेल सांगता येत नाही. लोक अजून घरात झोपायला भीत होते, पत्र्याखाली राहत होते. आम्ही अंगणात तीन विटा मांडल्या. तिनं पाणी घातलं, मी मळलं, लाटलं, भाजलं. मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही, हे सासूनं शिकवलेलं. दुसऱ्या सकाळी मी त्याचा कुस्करा केला आणि अरूनं तो बिलकीसच्या मांडीवर बसून खाल्ला. पुढं दरवर्षी असंच. त्या बाईनं माझा सण जिवंत ठेवला. मी हे कुणालाही सांगायला लाजत नाही.

अरू मोठा झाला तो खानावळीच्या धुरात आणि क्लासच्या गर्दीत. चारातला एकच पर्याय बरोबर, बाकी तीन चूक, आणि चुकलं तर हातातले मार्कही कापले जातात, हे लातूरनं त्याच्या हाडात मुरवलं. फीसाठी पोटाला चिमटा मी घेतला, तेव्हा तक्रार कुणाकडं करू? नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअर झाला आणि इस्राएलला गेला, अश्दोदला. तिथं आमच्या लोकांना पहिल्यापासून एक प्रश्न विचारतात, तुम्ही खरे यहुदी कशावरून? त्या प्रश्नाची उत्तरं देता देता माझा मुलगा विचारणाऱ्यांपेक्षा कडक झाला. लग्न केलं, दाढी वाढवली. फोनवर कधी आईऐवजी ‘इमा’ म्हणायला लागला. तिथं आईला तसं म्हणतात.

यंदा तो सणाला येणार होता, एकटाच, आणि परत जाताना मला कायमचं घेऊन जाणार होता. तिकीट काढलेलं होतं, बॅग अर्धी भरलेली होती. पण मनातली गोष्ट मी बिलकीसला सांगून ठेवली होती. “माझ्या तव्यावरचा कुस्करा त्यानं खाल्ला तर मी जाईन. नाही खाल्ला तर नाही.”

“खाईल की वो. न खाऊन जाईल कुटं?” बिलकीस म्हणाली. पण म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी गेले तर तिलाही कुणी उरत नव्हतं.

तो यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी पोळ्या केल्या. पाणी रात्रभर निवलेलं लागतं. त्या उन्हाळ्यात नळ पंधरा दिवसांनी यायचा, त्यामुळं आमचं पाणी एक सोडून पंधरा रात्री निवलेलं होतं. या एका बाबतीत लातूरनं सगळ्या जगापेक्षा जास्त धर्म पाळला असेल. पोळ्या पांढऱ्या फडक्यात बांधून मी फळीवर ठेवल्या.

अरू आला. एका बॅगेत कपडे, दुसरीत नुसते खोके. चौकोनी, भोकं पाडलेल्या, शिक्का मारलेल्या पोळ्या. सीलबंद तेल, नवा तवा, चांदीच्या कागदाच्या गुंडाळ्या. माझ्या गळ्यात पडला, रडला. नंतर हात धुऊन स्वयंपाकघरात शिरला तो थेट झडतीच घ्यायला.

त्यानं दोन पातेली पाणी उकळलं आणि ओट्यावर ओतलं. ओटा शुद्ध करायचा म्हणून! पाणी मोरीतून निघून गेलं. टँकरसमोर रांगेत उभं राहून आणलेलं पाणी.

“अरे, दोन दिवस निघाले असते त्यात,” मी म्हणाले.

“असंच करावं लागतं, आई.” ओटा पुसून त्यानं वर कागद चिकटवायला घेतला. मग फळीवरचं फडकं दिसलं. “हे काय?”

“पोळ्या. आपल्या.”

“पाणी लागल्यापासून तव्यावर पडेपर्यंत किती मिनिटं झाली?”

“घड्याळ कशाला लावू? बिलकीस पाणी घालते, मी लाटते. मध्ये एक शब्द बोलत नाही आम्ही. आणि बिलकीस गप्प बसते म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.”

तो हसला नाही. “अठरा मिनिटांच्या वर गेलं की फुगलेलंच धरायचं. मोजलं नसेल तर गेलंच असं धरायचं. आणि बिलकीसखालाचा हात...” पुढचं वाक्य त्यानं गिळलं. चांगलंच केलं. पूर्ण केलं असतं तर त्या दाढीचा मुलाहिजा मी ठेवला नसता.

त्यानं माझी सगळी भांडी, तवा, परात, डबे आणि ते फडकं अंगणाकडच्या कोठीच्या खोलीत नेऊन ठेवलं. दाराला कुलूप लावलं. घरात फुगलेलं काही आपल्या मालकीचं असता कामा नये, म्हणून सणापुरतं ते परक्या धर्माच्या माणसाला विकायचं आणि नंतर परत घ्यायचं, अशी रीत आहे म्हणे. आमच्या कोकणात कुणी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. आंबवणाचं मडकं घरात राहिलंच तर आम्ही त्यावर झाकण घालायचो आणि सण करायचो.

अरूनं बिलकीसला बोलावलं. तिला वाटलं, तिकडून तिच्यासाठी काही आणलं असेल.

“बिलकीसखाला, ह्या खोलीतलं सगळं तुम्ही विकत घ्यायचं. एक रुपया द्या.”

“अगं बया! भाबीचं सामान मी इकत घिऊ? नाटकात काम करायलास का काय तू?”

“नाटक नाही, खाला. खरी विक्री. नाटक असेल तर ती चालतच नाही. आजपासून हे तुमचं. तुम्ही वापरा, वाटा, फेकून द्या, आम्ही विचारणार नाही. सण झाला की मी परत घ्यायला येईन. तेव्हा द्यायचं की नाही, केवढ्याला द्यायचं, तेही तुम्हीच ठरवायचं.”

बिलकीसनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण कितीतरी वर्षांनी घरी आलेल्या मुलाशी पहिल्याच दिवशी भांडायचं नव्हतं. तिनं कमरेची पिशवी सोडून रुपया दिला. त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. माझा संसार असा पाच मिनिटांत विकला गेला आणि मला कुणी विचारलंही नाही.

रात्री आम्ही दोघं सणाला बसलो. होळीची पुनव त्याच दिवशी होती, रस्त्यावर पोरं बोंबलत होती. गुलामीची आठवण म्हणून त्या जेवणात कडू खावं लागतं. आमच्या घरी दारातल्या कडुलिंबाचा कोवळा पाला असायचा. अरूनं बाटलीतलं कसलंसं किसलेलं मूळ पुढं केलं. कडूसुद्धा तिकडून आणलं होतं! लातुरात कडू मिळत नाही असं वाटलं की काय त्याला?

सकाळी मी उठले तेव्हा तो ओट्यापाशी उभा होता. सणाच्या दिवशी नवा जाळ पेटवायचा नाही, म्हणून त्यानं गॅस आदल्या संध्याकाळपासून बारीक करून ठेवला होता. त्यानं चौकोनी पोळ्या मोडल्या, गरम पाण्यात भिजवल्या, पिळल्या. अंडी फोडताना एकेक आधी पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते उजेडात बघितलं. तेवढं माझंच होतं. लहानपणी माझ्या पदराला धरून त्यानं ते बघितलेलं. मला भरून आलं. वाटलं, आत कुठंतरी आहे हा अजून.

त्यानं नव्या तव्यावर परतलं, कागदाच्या ताटलीत मला वाढलं. वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू! पण मीठ सोडून त्याला कुठल्याच घराची चव नव्हती.

“अरू,” मी म्हणाले, “एक घास माझ्या हातचा खा. तुझे बाबा करायचे तसा करते. बिलकीसकडून मागून आणते.”

“आई, सणात मला ते चालत नाही. आणि ह्या घरात आणू नकोस.”

“बरं. मग तिकडं आल्यावर करीन.”

तो ताटलीकडं बघत राहिला. “तिकडं सुरुवातीला स्वयंपाकघरात... म्हणजे तू काही करायचं नाहीस. याएल तुला सगळं शिकवेल. मग हळूहळू.”

याएल त्याची बायको. पंचवीस वर्षांची असेल. आणि मी, जिनं अर्ध्या मराठवाड्याच्या डॉक्टर-इंजिनिअरांना भाकरी घातली, तिनं तिच्याकडून पोळी शिकायची. मी ताटली खाली ठेवली आणि अंगण ओलांडून बिलकीसच्या दारात गेले.

ती माझी वाटच बघत होती. माझा तवा तिच्या चुलीवर, माझं फडकं तिच्या मांडीवर.

“माजं सामान हाय,” ती म्हणाली. “मी पायजे त्याला खाऊ घालीन. बसा तुमी.”

“मी करते.”

“बसा म्हनलं ना! तुमच्या मालकांनी तुमाला बसवून वाडायचं आसतंय ह्या दिशी. इसरलाव का?”

मी बसले. तिनं पोळ्यांचे बोटभर तुकडे केले, कोमट पाण्याचा हबका मारून झाकले. करडईचं तेल तापवलं. त्यात हिरवी मिरची, कांदा, लसणाच्या पाकळ्या ठेचून. अंडी मी पेल्यात फोडून दिली, तिनं उजेडात धरून बघितली. तुकडे अंड्यात घोळवून तव्यावर टाकले आणि उलथन्यानं न हलवता ठेवले. खालची बाजू लाल होऊ द्यायची, मगच मोडायचं. शलमोन असंच करायचा, आणि ते तिच्या लक्षात होतं. वरून कोथिंबीर. अलिबागला वर नारळाचं दूध घालतात. इथं नारळ कुठला, म्हणून शलमोननं करडईवर भागवलं होतं, तीच आमची रीत झाली.

पहिला घास घेतला आणि मी रडले. भूकंपानंतरसुद्धा असं मोकळेपणानं रडले नव्हते. तेव्हा मुलाला सांभाळायचं होतं. चांदपाशा दारातून आत येत होता, तो आल्या पावली परत फिरला.

मान वर केली तर अरू अंगणात उभा होता. बिलकीसनं ताटली भरून त्याच्यापुढं धरली. “घे रे अरू. तू पैल्या वर्साला माज्या मांडीवर बसून खाल्लता.”

“नको खाला. माफ करा.” त्यानं दोन्ही हात मागं घेतले. “आई, हात धुऊन ये. आपल्या भांड्यांना लागेल.”

आपल्या भांड्यांना! मी खरं तर तेव्हाच बॅग सोडायला हवी होती. पण आईचं मन म्हणजे मूर्खपणाच असतो. मी म्हटलं, सणाचा नियम आहे. सण संपला की नियम संपेल.

आठवड्यानं सण संपला. फुगलेलं खायला मोकळीक झाली. अरूनं स्वतः कोपऱ्यावरच्या बेकरीतलं पावाचं पाकीट बघितलं आणि गाडीत लागेल म्हणाला. मग नवा रुपया घेऊन तो बिलकीसकडं गेला. मी मागं होते.

“परत घ्यायला आलो, खाला.”

बिलकीसनं किल्ली मुठीत धरली. “किंमत मी ठरवायची म्हनलास ना?”

“हो.”

“रुपयात न्हाई देत.” तिनं फडक्यातून शेवटची उरलेली पोळी काढली, एक तुकडा मोडला. “ह्यो खा आन् घिऊन जा सगळं.”

मला तेव्हा कळलं, ती काय करत होती ते. माझी अट तिला माहीत होती. त्यानं तो तुकडा खाल्ला की मी जाणार होते, आणि ती स्वतःच्या हातानं मला घालवत होती, कारण मला जायचं आहे असं तिला वाटत होतं.

आता त्याला अडवणारं काय होतं? पोळी फुगलेली धरली तरी फुगलेलं चालत होतं. सणात ते आमच्या मालकीचंही नव्हतं, रीतसर विकलेलं होतं. अरूनं तुकडा घेतला. नाकाजवळ नेला. माझ्याकडं बघितलं. मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. “आत्ताच जेवलोय. गाडीत खातो. नक्की.”

बिलकीसनं किल्ली दिली. मी बॅगेची चेन लावली. खोटं कशाला बोलू, मी खूश होते. गाडीत तर गाडीत. आई शेजारी बसलेली असताना खाल्लं काय आणि इथं खाल्लं काय.

दुपारी पुण्याची एसटी होती. रिक्षा दारात आली, बॅगा चढल्या. बिलकीस पदरानं नाक पुसत उभी होती, चांदपाशा उगाच दोरी आवळत होता. मी गॅसचं बटण बघायला म्हणून एकदा आत गेले. खिडकीत मी चिमण्यांना दाणे घालते ती मातीची वाटी आहे. त्या वाटीत तो तुकडा होता. कचऱ्यात टाकायचा धीर झाला नसावा. एका कोपऱ्याला चोची मारलेल्या होत्या.

बाहेर अरू हाका मारत होता. इमा, चल, गाडी चुकेल.

मी तो तुकडा घेऊन बाहेर आले आणि त्याच्यासमोर तोंडात टाकला. सुकून लाकूड झाला होता. चावता चावता मला बोलायला वेळ लागला. तो बघत होता.

“किल्ली दे,” मी म्हणाले.

“आई, ऐक ना. मला फक्त...”

“किल्ली दे, अरू. तू किंमत दिली नाहीस. तूच म्हणालास, विक्री खरी असते. खोलीतलं सामान अजून बिलकीसचंच आहे. आणि मी त्या सामानातली आहे.”

त्यानं किल्ली दिली. रिक्षावाला घड्याळ बघत होता. अरू माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याच्या टोपीवरून हात फिरवला, कारण शेवटी तो माझाच आहे. मग तो रिक्षात बसला.

बिलकीसनं माझी बॅग उतरवून घेतली.